टँकर वेळेवर पोचला

"अन्या, चावी घे! रामहरीच्या रानातल्या आखाड्यावर पेटलंय, फोन आलाय!" ओढ्याकडून आलेली मोटारसायकल उभी करता करताच बंकट ओरडला.

अनिल ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसला होता. आत तालुक्याहून आलेल्या अधिकारी मॅडम सरपंचांशी बोलत होत्या, आणि ते बोलणं टँकरचंच होतं. गावच्या आग पथकाचा टँकर काढून टंचाईच्या गावांना पाणी पुरवायला द्यायचा, हे जवळपास ठरलं होतं.

त्यांचंही चुकत नव्हतं. पथकात नावं पुष्कळ होती, पण दिवाळी झाली की बहुतेक पोरं कोयते घेऊन ऊसतोडीला जायची. मागं उरायचे बंकट आणि अनिल. गेल्या हंगामात माणिकरावांचा गोठा पेटला, तेव्हा हे दोघं पोचेपर्यंत दावणीच्या म्हशी जळून गेल्या होत्या. माणिकरावांनी भर चौकात बंकटची गचांडी धरली होती.

"पथक कावून काढलं बे? फोटो काढाया?"

पथक कशासाठी काढलं ते साऱ्या गावाला माहीत होतं. त्याची आई रतनबाई छपरात जळाली, त्या दिवशी तालुक्याची आग विझवणारी गाडी आली तेव्हा गाव सरण रचत होतं. गाडीवरची माणसं उतरली, थोडा वेळ खाली मान घालून उभी राहिली आणि परत गेली.

आज मात्र टँकर ओढणारा ट्रॅक्टर पहिल्याच झटक्यात सुरू झाला. टाकी काठोकाठ भरलेली होती. बंकट मडगार्डवर चढून बसला आणि त्यानं भोंगा लावला. मागून सरपंचांना घेऊन मॅडमची जीप निघाली.

"आखाड्यावर कोण हाय?" अनिलनं विचारलं.

"कुणी न्हाई. नवरा-बायकू दोघंबी मागच्या रानात कापूस येचाय गेल्यात. तू दाबून चल."

ओढा ओलांडल्यावर पुढं धुराची रेघ दिसली. अनिलनं ॲक्सिलरेटर आणखी दाबला.

रामहरीचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, माळाला एकटंच होतं. घराशेजारी कडब्याची गंजी, गंजीला लागून जनावरांचं पत्र्याचं शेड. गंजी एका अंगानं नुकती धरली होती. पण पाइप सोडेपर्यंत वारा फिरला आणि जाळ शेडकडं झुकला. आत गाय हंबरायला लागली.

अनिलनं पाण्याचा फवारा धरला. बंकट आधी शेडमध्ये घुसला, त्यानं दावी कापून जनावरं बाहेर हाकलली. मग थेट गंजीवर चढला आणि पेटत्या पेंढ्या हातानं ओढून खाली फेकू लागला.

"बंकट, खाली उतर! जळशील!"

तो ऐकत नव्हता. तोंडानं काहीतरी पुटपुटत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुरानं असेल, असं अनिलला वाटलं.

जाळ विझला. अर्धी गंजी गेली, पण घर राहिलं, जनावरं राहिली. बंकटच्या दोन्ही तळव्यांची कातडी सुटली होती. तो बांधावर मटकन बसला.

मॅडम त्याच्यापाशी आल्या. "आमची गाडी अजून निघालीसुद्धा नसती," त्या म्हणाल्या. "सरपंच, टँकर तुमच्याकडंच राहील. मी वर बोलते."

सरपंचांनी बंकटच्या खांद्यावर हात ठेवला. बंकट गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडायला लागला. त्याला रतनबाई आठवली असणार.

तेवढ्यात रामहरी आणि जानकीबाई धावत आले. रामहरी जनावरांना हात लावून बघत फिरला. मग जळलेल्या कडब्यापाशी थांबला. वैशाखापर्यंतची वैरण होती ती. तरीही त्यानं बंकटला हात जोडले.

जानकीबाईनं घरातून तांब्या आणला आणि बंकटच्या हातांवर धार धरली.

"देवासारखा आलास बघ, लेकरा," ती म्हणाली. "भोंगा ऐकून आमी रानातून वळून बघितलं, तवा तर गंजीला धूरबी नव्हता."