सोनाजी उठत का नव्हता

"आज फक्त उभं राहायचं, बाबा. मी धरते," दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट ज्ञानेश्वरी म्हणाली. सोनाजीनं डोळे मिटून घेतले.

दवाखान्यात हे रोजचंच झालं होतं. लकव्यानं सोनाजीची डावी बाजू गेली होती. आता पायात ताकद परतत होती, हातही थोडाफार ऐकू लागला होता. पण फिजिओथेरपीची वेळ झाली की तो भिंतीकडं तोंड करायचा. ज्ञानेश्वरीनं गोडीनं सांगून पाहिलं, रागावूनही पाहिलं. या माणसाला जगायचंच नसेल, असं तिला वाटू लागलं.

तरी तो दुःखी दिसत नव्हता. बायको राजाबाई त्याला भाकरी कुस्करून भरवायची, केस विंचरायची. दिवसभर दोघांचं हळू आवाजात काहीतरी चाललेलं असायचं. मधेच सोनाजी खुदकन हसायचा.

दुष्काळाचं साल होतं. दवाखान्याचे नळही कोरडे पडले होते. एका सकाळी खाली टँकर आला आणि राजाबाई कॅन घेऊन धावली. बराच वेळ झाला तरी ती परतली नाही. ज्ञानेश्वरी वॉर्डात आली आणि दारातच थांबली. डाव्या हातानं खिडकीचा गज धरून सोनाजी उभा होता. खालच्या गर्दीत तो बायकोला शोधत होता.

"बाबा! येतंय की तुम्हाला!"

सोनाजी दचकून खाटेवर बसला. "तिला सांगू नगं, पोरी."

"का?"

त्यानं पाय खाटेवर ओढून घेतले. "हर्सूलकडचं चराईचं रान प्लॉटात गेलं. त्यात हा दुष्काळ. चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन मी पार गोदाकाठी, आन् ही घरी, लोकाच्या कामाला. सगळा संसार असाच झाला. दिसभर शेजारी बसून बोलायचं, हे पहिल्यांदाच घडतंय. बरा झालो की मी पुन्हा मेंढरामागं."

मागं कॅन टेकल्याचा आवाज झाला. राजाबाई दारात उभी होती. पदरानं कपाळ पुसत ती खाटेजवळ आली.

"घर आता सून सांभाळंल," ती म्हणाली. "औंदा मी बी येते मेंढरामागं. पण तुम्हाला पाठुंगळी घेऊन लई लांब चालायची नाय मी. उठा."

सोनाजी तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं ज्ञानेश्वरीपुढं हात केला.

दुसऱ्या दिवसापासून व्यायामाच्या खोलीत तो सगळ्यांच्या आधी हजर असायचा. दांड्यांना धरून चालायचा, घामाघूम व्हायचा, आणि वर विचारायचा, "आता पुढचं काय, पोरी?" राजाबाई शेजारी स्टुलावर बसून बोलत राहायची. होता होता काठी टेकत तो वॉर्डाच्या टोकापर्यंत एकटा जाऊन आला. ज्ञानेश्वरी हरखून डॉक्टरांकडं गेली.

"सर, सोनाजीबाबांना आता घरी सोडता येईल!"

डॉक्टर हसले. "मी तर ते उठत नव्हते तेव्हाच सोडत होतो. उरलेला व्यायाम घरी करा, म्हटलं. पण राजाबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, एवढ्यात नका सोडू, साहेब. आत्ता कुठं आमचं बोलणं सुरू झालंय."