मोतीलालकाकाच्या दुकानातलं पाकीट

हे लिहू का नाही करत दोनदा फोन खिशात ठेवला. आता लिहूनच टाकतो.

धर्मेंद्र माहा दोस्त. त्याच्या बायकोले, नूतनवहिनीले, मीच माह्या ऑटोत गावच्या दवाखान्यात नेलं. पोरगी झाली, पण वहिनीचं रक्त थांबतच नव्हतं. बालाघाटले न्यायची ॲम्बुलन्स अजून लालबर्र्यातच होती. सिस्टर बाहेर आली अन् मलेच म्हणाली, "कंडोम आण. इथले संपले. पळ!"

गावात मेडिकल एकच, मोतीलालकाकाचं. अन् त्याच्याच पोरीसंग, मंजुषासंग माह्या लग्नाची बोलणी चालू होती. दुकानात बाया उभ्या. मी दारातूनच ओरडून मागितलं.

"कोणासाठी रे?" काकानं विचारलं.

"धर्मेंद्रच्या बायकोसाठी!"

काकानं पाकीट अंगावर फेकलं. "आमच्या घरी पाय नको ठेवू आता."

सिस्टरनं कंडोम रबरी नळीले बांधला, वहिनीच्या गर्भपिशवीत सरकवला अन् सलाईनच्या पाण्यानं फुगवला. फुगा आतून दाबून बसला. रक्त थांबलं. ॲम्बुलन्स आली तवा वहिनी बोलून राह्यली होती.

आज मायलेकी घरी आल्या. धर्मेंद्रच्या डोळ्यात पाणी. "माह्यापायी तुही सोयरीक मोडली बे. मी जाऊन सांगतो काकाले."

"हौ, सांग. पण जुळो का न जुळो, तुले शब्द देतो. आता माह्या ऑटोत एक पाकीट कायम राहीन. सीटखाली नाही, समोर काचेपाशी. सगळ्याइले दिसन असं."