निळ्या दिव्यांचं बटण

सुनेनं काँप्युटरच्या तिसऱ्या पंख्याची बारीक तार कापली आणि नेमकी तेव्हाच दारावर टकटक झाली.

"झालं का गं तुझं?" सासरे बाहेरून म्हणाले.

"नाही बाबा. काम चालू आहे."

"मग निळं का दिसत नाही?"

तिनं पक्कड खाली ठेवली आणि भराभर तारा पिळायला घेतल्या.

त्या दाराला दुधी काच होती. काँप्युटरच्या पोटात तीन पंखे, आणि पंख्यांत निळे दिवे, नवऱ्यानं हौसेनं निवडलेले. उजेड असा, की समोरच्या गच्चीवरचं पांढरं मांजर निळं दिसायचं. एकदा म्हणे ते आठवडाभर तसंच राहिलं. काचेवर निळं दिसलं की घर समजायचं, सून कामात आहे, हाक मारायची नाही. निळं गेलं की सगळे दाराशी: चष्मा कुठंय, नळ गळतोय, गॅस संपलाय, माझा पायमोजा एकच का आहे.

बरं, मशीन चालूच ठेवावं, तर ऑफिसच्या साहेबांना तिकडं दिसायचं की बाई हजर आहे. मग डॉक्टरांची रेकॉर्डिंगं येऊन पडायची, ऐका आणि टाइप करा. चालू असलं की ऑफिस बोलवायचं, बंद केलं की घर. तिला मशीन बंद आणि दिवे चालू हवे होते. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

तीन पंख्यांच्या दिव्यांच्या तारा तिनं मोटरच्या तारांपासून तोडल्या, एकत्र पिळल्या, जुन्या राउटरच्या अडाप्टरला जोडल्या आणि मध्ये मोडक्या टेबल लॅम्पचं बटण घातलं. सगळं व्हिडिओत पाहून. व्हिडिओतल्या माणसाच्या तारा लाल आणि काळ्या होत्या. हिच्या सगळ्याच काळ्या. दिव्यांची समजून मोटरचीच तोडली असेल तर पंखा फिरणार नाही, मशीन तापेल, आणि संध्याकाळी पाठवायचे रिपोर्ट आत शिजतील. मागच्या आठवड्यात उशीर झाला तेव्हा साहेब म्हणाले होते, "परत झालं तर आपण थांबूया." आपण म्हणजे ती, हे तिला कळलं होतं.

"अगं, चष्मा पाहिलास का माझा?" बाहेरून सासरे.

"कपाळावर बघा, बाबा."

"हो की." पण पावलं काही हलली नाहीत. "आता उघडच. नळाचंही बोलायचंय."

तिनं मशीन सुरू केलं. काहीच झालं नाही. मग पहिला पंखा कण्हला, दुसरा, आणि पार शेवटी, रुसलेल्या जावयासारखा, तिसरा. तिन्ही फिरले, अंधारातच. लगेच टिंग झालं: नवं रेकॉर्डिंग. तिनं ते पाहिलं न पाहिलंसं केलं आणि मशीन बंद केलं. पंखे थांबले.

मग लॅम्पचं बटण दाबलं.

काच निळी झाली.

"बरं बरं, कर तू तुझं," सासरे बाहेर एकदम दबक्या आवाजात म्हणाले, आणि चपला घासत गेले.

ती पलंगावर आडवी झाली, पाय भिंतीला वर टेकवून. ऑफिसला ती नव्हती. घराला ती कामात होती. ती कुठं होती हे तिलाच धड सांगता आलं नसतं, आणि ते फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात दार उघडलं. कडी लावायचीच राहिली होती.

सासूबाई आत आल्या. मागे दार लोटलं, कडी लावली. निळ्या उजेडात थिजलेल्या पंख्यांकडे पाहिलं, मग सुनेच्या भिंतीवरच्या पायांकडे. सून ताडकन उठून बसली.

"आई, मी आत्ताच जरा..."

"दिवे आहेत, पण घरघर नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या. "ह्यांना नाही कळलं. मला स्वयंपाकघरात कळलं."

सुनेनं मशीनकडे हात नेला. "चालू करते परत."

"कशाला? सरक तिकडं."

सासूबाई पलंगावर टेकल्या, गुडघे धरून पाय वर घेतले आणि सुनेशेजारी आडव्या झाल्या. छताकडे बघत म्हणाल्या, "माझ्या वेळेला असलं बटण नव्हतं गं." आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला. त्या घोरू लागल्या, संथ, एकसुरी.

बाहेर चपला घासत आल्या. काचेवर सासऱ्यांची सावली उमटली. सावलीनं निळं पाहिलं, कान लावून घरघर ऐकली, आणि चपला हातात घेऊन परत गेली.