आतली गाठ

नातीचा पट्टा कागदात गुंडाळून ऑल्टन गेन्स अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या फाटकाशी आला. पदवीच्या दिवशी काळ्या मुलांच्या गळ्यात घालायचे हे रंगीत पट्टे त्याची बायको ओडेसा वीस वर्षं शिवत आली होती. हा शेवटचा तिने इस्पितळाच्या खाटेवर शिवला. नात आत रांगेत उभी होती.

फाटकावरच्या काळ्या बाईने पुडकं उघडलं आणि मान हलवली. "हे आत नाही नेता येणार, काका. राज्याचा नवा कायदा आहे. काळ्या मुलांचा वेगळा समारंभ बंद, आणि या समारंभात वेगळं काही घालायचं नाही."

"कापडाने कुणाचं काय बिघडतं गं?"

"मला नका विचारू. ते म्हणतात, आता सगळे सारखे."

"अठरा वर्षांचा होतो, काळ्यांना इथे प्रवेश नव्हता, तेव्हाही याच फाटकावर अडवलं होतं मला. तेव्हा म्हणाले, तू वेगळा आहेस."

बाई खाली न बघताच पट्ट्याची घडी घालू लागली. ओडेसा प्रत्येक पट्ट्याच्या आतल्या बाजूला, मानेपाशी, लाल दोऱ्याची एक गाठ मारायची. ज्याने घातला त्यालाच ती ठाऊक असायची. बाईचा अंगठा नेमका त्या गाठीवर जाऊन थांबला.

"तू कुठल्या वर्षीची?" ऑल्टनने विचारलं.

"दोन हजार चौदाची. काकूंनी स्वतः घातला होता माझ्या गळ्यात."

मग तिने घडी नीट केली आणि पट्टा टेबलाखालच्या खोक्यात, बाकीच्या पट्ट्यांवर ठेवला.