गुटीचं वेखंड

भैरवीचा जीव पाणथळीतल्या वेखंडावर, तर उन्मेषचा चंदगडच्या जंगलातल्या टॅरँटुला कोळ्यावर. दोघं नवराबायको कोल्हापुरातल्या एकाच कॉलेजात शिकवायची आणि जेवताना कुणाचं भारी, यावरून रोज त्यांची जुंपायची.

"माझी कोळीण अंड्यांची पिशवी उराशी धरून बिळात बसते," त्या दिवशी उन्मेष बोलून गेला. "तुझ्या वेखंडाला तर बीसुद्धा धरत नाही."

बोलला आणि त्याचा घास हातातच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या घरात पाळणा हलला नव्हता.

"बी नसेना," भैरवी हळूच म्हणाली. "पण त्याच्याशिवाय कुठल्या बाळाची गुटी होत नाही."

तेवढ्यात गारगोटीहून सासूबाईंचा फोन आला. धाकट्या जावेच्या बाळाला गुटीसाठी भैरवीच्या कुंडीतलंच वेखंड हवं होतं. तिचा चेहरा उजळला.

"मीच घेऊन येते की, आई. बारसं कधी धरलंय?"



"बारसं काल झालं की. तू नगं येऊ, वेखंड तेवढं एसटीच्या कंडक्टरजवळ दे."