कुऱ्हाडीचा धाक

टेलरच्या अंगणातलं झाड इतकं दुर्मीळ होतं, की रानात त्याचे भाऊबंद हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. पण बारा वर्षांत त्याला एकही कळी धरली नव्हती. शेवटी रोपवाटिकेवाल्याने उपाय सांगितला, "धाक दाखवा त्याला. एकाने कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्याने मध्ये पडायचं. भ्यालं की फुलतं."

तेव्हापासून, जन्मात कात्रीपलीकडे हत्यार न धरलेला टेलर दर रविवारी कुऱ्हाड घेऊन झाडापुढे उभा राहायचा. "आज तुझा निकालच लावतो." मग खिडकीतून बायको म्हणायची, "असू द्या हो. एक वर्ष द्या त्याला." झाड ढिम्म. बायको मात्र हसून हसून खोकायची.

पुढे पुढे ती नुसतीच खोकायला लागली.

या रविवारी त्याने कुऱ्हाड उगारली आणि खिडकीकडे कान लावून थांबला. हात भरून आले तरी आतून आवाज येईना.

"अगं, बोल की," तो म्हणाला. "झाडाला संशय येईल."

तेवढ्यात तिला तपासून डॉक्टर बाहेर आले. कुऱ्हाड बघून आधी दोन पावलं मागे सरकले, मग हळूच म्हणाले, "आता फार दिवस नाहीत. मनाची तयारी ठेवा."

टेलरने कुऱ्हाड खाली ठेवली. डॉक्टर आणि खिडकी यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

"असू द्या हो," तो म्हणाला. "एक वर्ष द्या तिला."