वादळातले धक्के

अर्धांगवायूत वाचा गेल्यापासून काही हवं असलं की त्याची आई पलंगावरूनच भिंतीवर काठी आपटायची.

"आईंच्या काठीकडे लक्ष असू द्या हं," कामाला निघताना बायको म्हणाली.

"अगं, पलीकडून त्याच भिंतीला तर माझी खुर्ची ठोकलीय!"

कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळासाठी त्याने घरातच कॉकपिट थाटलं होतं. वाऱ्यासाठी तोंडासमोर पंखा, कानांवर जाडजूड हेडफोन आणि खुर्चीच्या पाठीत कालच बसवलेली, हादरे देणारी मोटर. आज तिची पहिली चाचणी होती.

संध्याकाळी बायको दारात दिसताच त्याने हेडफोन काढला.

"विमान वादळात शिरलं आणि पाठीत असे धक्के बसले की विचारू नकोस! आधी धडाधड, मग जरा हळू, मग एखादाच. वादळ विरत जावं ना, तसे थांबले बघ. अगदी खऱ्यासारखे!"

बायको खुर्चीमागे लोंबणाऱ्या वायरकडे बघतच राहिली.



"अहो, आईंच्या हवेच्या गादीला एक्स्टेंशन बोर्ड हवा होता म्हणून तुमच्या मोटरची पिन मी सकाळीच काढली होती."